नेई किनाईचा न दिलेला दिवस

मी आमच्या गावचा धर्मशिक्षक आहे, त्यामुळे लोकांच्या पापांत थोडंफार नाक खुपसायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. माझी बायको तसं समजत नाही. "तुम्ही पोरांना प्रश्नोत्तरं शिकवा, म्हाताऱ्यांचं देव बघून घेईल," असं ती म्हणते. पण रविवारी कम्युनियनच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ताची भाकर वाटताना, मी पुढे उभा असतो आणि समोर अख्खं गाव चटयांवर बसलेलं असतं. कोण उठलं आणि कोण बसून राहिलं हे न दिसायला मी काय आंधळा आहे?

नेई किनाई, म्हणजे किनाईबाई, बसून राहायची. इतरांना जायला वाट व्हावी म्हणून गुडघे एका बाजूला वळवायची, आणि रांग पुढे सरकायला लागली की मान वर करून बघायची. मी एकेकाला म्हणायचो, "ख्रिस्ताचं शरीर," तो म्हणायचा, "आमेन," आणि दर आमेनला किनाईचं तोंड किंचित उघडायचं. भुकेल्या माणसासमोर दुसरे जेवत असावेत तसं. मला ते बघवायचं नाही. राग यायचा. कारण तिला अडवलं होतं कोणी? मी नाही, तामांनी नाही, चर्चनं नाही. तिनंच स्वतःला अडवलं होतं, आणि तेही माझे केस काळे होते तेव्हापासून.

(तामा म्हणजे आमचे पाद्री. आमच्या भाषेत बापालाही तामाच म्हणतात. आमच्या नोनौतीसारख्या लांबच्या बेटावर बोट येईल तेव्हा ते येतात. एरवी त्यांनी ठेवून दिलेलं कम्युनियन मी वाटतो आणि बाकीची पापं पुढच्या बोटीपर्यंत थांबतात.)

किनाई कशी होती हे सांगायचं तर आधी बुबुती सांगायला हवी. नात्यातल्या माणसानं "बुबुती करतो" म्हणून काही मागितलं, की आमच्यात नाही म्हणत नाहीत. म्हणायची सोयच नाही. नाही म्हटलं तर तुमची लाज जाते आणि मागणाऱ्याचीही. म्हणून शहाणे लोक चांगली वस्तू झाकून ठेवतात. किनाईला झाकायचं सुचायचं नाही. तिनं नवा कंदील घेतला की आठवड्यात तो चुलतभावाच्या घरी. सायकल दिराकडे. एकदा तर शिजत असलेलं मासळीचं पातेलं कोणीतरी मागून नेलं आणि ही आम्हाला हसत सांगते, "झाकण राहिलंय माझ्याकडे, तुम्हाला हवं का?"

याच रीतीनं तिची मुलगी गेली. नवऱ्याची थोरली बहीण बोतिका हिला मूल नव्हतं. किनाईची रुता अंगावरचं दूध सुटून चालायला लागली, तेव्हा बोतिका बेटाच्या वरच्या टोकाहून आली, चटईवर बसली, आणि तिनं मागितली. किनाई हो म्हणाली. असं आमच्याकडे होतं, त्यात नवल नाही, मी स्वतः मामाकडे वाढलो. मूल परकं होत नाही. पण दिलेल्या मुलावर आईनं मग हक्क सांगायचा नसतो. चारचौघांत नावानं मोठ्यानं हाक मारायची नसते. ती हाक आता दुसऱ्या आईची. किनाईनं हे सगळं पाळलं. दर सणाला ती वरच्या गावी चालत जायची, माडाच्या काकवीची बाटली द्यायची, पोरीला लांबून बघायची आणि परत यायची.

रुता सात वर्षांची झाली तेव्हा पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तिचं पहिलं कम्युनियन ठरलं. बोतिकानं तिला पांढरा झगा शिवला होता. आम्ही सगळेच गेलो होतो. तेव्हा मी नुकताच धर्मशिक्षक झालो होतो आणि माझ्या अंगात फार उत्साह होता.

सकाळी घंटेच्या आधी किनाईनं रुताचा हात धरला. म्हणाली, "चल, शिंपल्या काढायला जाऊ." बोतिकाच्या नवऱ्याची छोटी होडी पाण्यात होती. ती समुद्रातल्या खडकांच्या रांगेआतल्या शांत पाण्यातून वल्हवत समोरच्या एका उजाड, पक्ष्यांच्या बेटुकल्यावर पोरीला घेऊन गेली. तिथं दोघी संध्याकाळपर्यंत राहिल्या. नारळ फोडून खाल्ले. किनाईनं तिच्या केसांतल्या उवा काढल्या. नंतर पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पाण्यावरून घंटा ऐकू येत होती. आमची घंटा म्हणजे टांगलेली जुनी गॅसची टाकी, हातोडीनं वाजवली की समुद्रापार जाते. भरती होती, होडी तरंगत होती. परत यायला अडचण कसलीच नव्हती.

इकडे आम्ही शोधत होतो. बोतिका खडकापर्यंत पाण्यात गेली, गळ्यापर्यंत पाणी आलं तरी मागे वळेना, आणि रुताच्या नावानं हाका मारत राहिली. होडी गेलेली कळल्यावर तर ती उलटली असेल असंच सगळ्यांना वाटलं.

सूर्य कलला तेव्हा दोघी आल्या. तेव्हाचे दाढीवाले फ्रेंच तामा संतापले होते. त्यांनी सर्वांसमोर विचारलं. किनाईनं क्रुसावर हात ठेवून सांगितलं, "पोर एकटीच होडीत चढली आणि वाहत गेली. मी पोहत जाऊन तिला गाठलं." रुता बाजूला उभी होती, काही बोलली नाही.

पुढच्याच रविवारी आमच्या गावच्या मानेआबात, भिंती नसलेल्या सभेच्या मोठ्या घरात, किनाई उभी राहिली आणि तिनं सगळं खरं सांगून टाकलं. सणाची मिस्सा चुकवली, पोरीचं कम्युनियन चुकवलं, क्रुसावर हात ठेवून खोटं बोलले. म्हणून मी हे इथं सांगतोय, कोणाचं गुपित फोडत नाही. ही बातमी वरच्या टोकाला गेली. बोतिका एवढंच म्हणाली, "पोर परत आली ना." पण वर्ष सरायच्या आत ती आणि तिचा नवरा रुताला घेऊन तरावाला, राजधानीच्या बेटावर, राहायला गेले. जहाजाचा प्रवास. त्यानंतर किनाईनं मुलगी पाहिली ती दोनदा, दोन्ही वेळा कोणाच्या तरी मयताला.

आता पोरांना मी जे शिकवतो ते ऐका. मोठं पाप, आत्मा मारणारं पाप, व्हायला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी. ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं. आणि पुऱ्या संमतीनं, स्वतःच्या इच्छेनं ती केलेली हवी. यातली एक जरी कमी पडली तरी पाप हलकं होतं. माणसं इथंच वाट शोधतात. "मास्तर, मी प्यायलो होतो." "मास्तर, मला ठाऊकच नव्हतं." सगळे तिसऱ्या गोष्टीत किंवा दुसऱ्या गोष्टीत भोक पाडून बाहेर पडतात. आत राहायचा हट्ट धरणारी मी एकच पाहिली.

फ्रेंच तामा तिला म्हणाले होते, "आईची माया ती. तू भानावर नव्हतीस."

"होते," किनाई म्हणाली.

"तुला वाईट वाटतंय ना?"

"खोटं बोलले त्याचं वाटतं. दिवसाचं नाही वाटत."

आणि पश्चात्ताप नाही तर क्षमा नाही, क्षमा नाही तर कम्युनियन नाही. त्यांनी क्षमेसाठी हात वर केला नाही, ही उठून गेली. त्यांच्यानंतर आलेल्यांनीही प्रयत्न केले. म्हातारपणी किनाईला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा तर मोठीच पंचाईत झाली. चर्चमागच्या नीरफणसाखाली तामा खुर्ची टाकून कबुली ऐकायला बसायचे. किनाईची पाळी आली की ती ओरडून बोलायची आणि तामांनाही ओरडावं लागायचं. आम्ही लांब सरकून समुद्राकडे बघत बसायचो आणि काही ऐकू येत नसल्यासारखं दाखवायचो. तामा तिला सांगायचे, "हळू बोला, लोक ऐकतील." ती म्हणायची, "त्यांना माहीतच आहे!"

शेवटचे आले ते तामा कामिरो. आमच्यातलेच, तरुण, फिजीला शिकून आलेले. मला आधी ते फार मऊ वाटले. ते तिच्यासमोर खुर्ची सोडून जमिनीवर बसले.

"आजी," ते ओरडले, "मला सांगा, माणूस पुरतं जाणून पाप करू शकतो का? देवाकडे पाठ फिरवणं म्हणजे काय, हे ज्याला खरोखर पुरतं कळलं तो फिरवेल का? आपल्याला नेहमी अर्धंच दिसतं. तुम्हालाही त्या दिवशी अर्धंच दिसत असेल."

किनाई म्हणाली, "तामा, तुम्ही चांगले आहात. पण ऐका. माझं लग्न बापानं ठरवलं, मी हो म्हणाले. बोतिकानं पोर मागितली, मी हो म्हणाले. कंदील, सायकल, पातेलं, सगळ्याला हो म्हणाले. त्यातलं माझ्या मनातलं किती होतं, ते मलाही सांगता येणार नाही. तो एक दिवस कोणी मागितला नव्हता. तो मी घेतला. घंटा ऐकली आणि बसून राहिले. आता तुम्ही म्हणता तोही मी धड केला नाही? मग माझ्या आयुष्यात मी केलं तरी काय?"

मग कामिरोंनी एक चतुराई केली. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ठीक आहे. मी बुबुती करतो. तुमचा पश्चात्ताप मला द्या."

किनाई एवढी हसली की तिला खोकला आला. "तुम्ही माझ्या नात्यातले कुठे? आई कुठल्या गावची तुमची? चालायची नाही ही बुबुती!"

आम्ही सगळे समुद्राकडे बघत हसलो. पण परत जाताना ती माझ्यापाशी थांबली. तिचे पाय त्या वर्षी सुजायला लागले होते. नीरफणसाच्या खोडाला धरून ती म्हणाली, "मास्तर, मला ते हवंय हो. मरायच्या आधी एकदा जिभेवर हवंय. रात्री झोपेत मी रांगेत उभी असते. पण त्यासाठी तो दिवस टाकून दे म्हणतात. तो टाकला तर रुता माझी कधीच नव्हती."

मी तिला रागावलो. म्हटलं, "तुझ्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही." पण घरी आलो आणि ताट बाजूला सारून सगळं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "नात्यातल्या माणसाची बुबुती चालते ना? मग नात्यातलं माणूस बोलवा की. एवढी वर्षं प्रश्नोत्तरं शिकवलीत, हे एक उत्तर सुचलं नाही?"

मी रेडिओवरून निरोप दिला. आमच्याकडे निरोप असेच जातात, त्यामुळे सगळ्या बेटांना कळलं की नोनौतीच्या नेई किनाईचे पाय सुजलेत आणि तरावाच्या नेई रुतानं पुढच्या बोटीनं यावं. किनाईला तेवढं ऐकू आलं नाही, ते बरं झालं.

रुता आली ती तामा कामिरोंबरोबर त्याच बोटीनं. चाळिशीची, अंगानं भरलेली, तरावाला पावाच्या भट्टीत काम करणारी. येताना पिठाचं पोतं आणि साखर घेऊन आली होती. बोतिका आदल्या वर्षी वारली होती. मी रुताला किनाऱ्यावरच गाठून सगळं समजावलं. म्हटलं, "तू माग. 'तो दिवस मला दे' म्हण. ती नाही म्हणू शकणार नाही. दिला की तिच्याकडे राहिला नाही, मग पश्चात्ताप करायला ती मोकळी." रुतानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मास्तर, हे तुम्ही स्वतः शोधून काढलंत?" बायको मागे उभी होती म्हणून मी काही बोललो नाही.

दुपारी नीरफणसाखाली किनाईच्या समोर रुता मांडी घालून बसली. तामा बाजूला. आम्ही लांब.

"आई, बुबुती करायला आलेय," रुता ओरडली.

"ठाऊक आहे. त्या मास्तरनं पढवून पाठवलंय." किनाईनं माझ्याकडे न बघता बोट दाखवलं. "माग. माझी चटई माग. डुक्कर माग, जमीन माग. ते सोडून काहीही माग."

"तो दिवसच मागायचाय. सगळा नको. अर्धा दे."

किनाईला वाटलं नीट ऐकू आलं नाही. ती पुढे वाकली.

"अर्धा," रुता म्हणाली. "तो माझाच आहे. मी सात वर्षांची होते. सात वर्षांच्या पोराला समज आलेली असते, ते पाप करू शकतं, असं हे मास्तरच शिकवतात. तुला वाटतं तू मला फसवून नेलंस? शिंपल्या काढायला निघालीस आणि टोपली कुठे होती तुझ्याकडे?"

किनाईनं आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"टोपली नाही, खुरपं नाही. मला तेव्हाच कळलं. तू कोण तेही माहीत होतं, पोरांनी कधीच सांगितलं होतं. आज माझं कम्युनियन आहे हे माहीत होतं. तरी आले. घंटा मीही ऐकली."

"तू झोपली होतीस. माझ्या मांडीवर."

"नव्हते झोपले. डोळे मिटून पडले होते. मी उठले असते तर तू निघाली असतीस."

लांब बसलेल्या आमच्यापैकी कोणीच समुद्राकडे बघत नव्हतं. किनाईनं दोन्ही हात पुढे केले, आणि रुताच्या डोक्यावरून, केसांवरून फिरवले, जसं काही अजून त्यात उवा शोधायच्या होत्या. मग ती रडायला लागली, आणि तिला स्वतःचं रडणं ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं होतं.

ती शांत झाल्यावर रुता म्हणाली, "मला एका गोष्टीचं वाईट वाटतं, आई. दिवसाचं नाही. बोतिका आईच्या आवाजाचं. त्या दिवशी हाका मारून मारून तिचा घसा बसला, तो कधी धड झालाच नाही. तरावाला गायकवृंदात तिला बोलवायचे, ती जायची नाही. स्वयंपाक करताना ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. त्या रात्री मात्र तिनं माझा झगा गोड्या पाण्यात धुतला आणि काही म्हणजे काही बोलली नाही."

बोतिकाचा आवाज आमच्या सगळ्या बेटाला माहीत होता. नाताळला वरच्या गावातून तो पहिला निघायचा आणि मग बाकीचे सूर धरायचे.

"गायली नाही?" किनाईनं विचारलं. "कधीच?"

"कधीच."

किनाई तामांकडे वळली. "हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "ही जागी होती, हेही ठाऊक नव्हतं. मी उगाच छाती ठोकून सांगत होते, मला सगळं ठाऊक होतं म्हणून." मग म्हणाली, "तामा, बोतिकानं माझी पोर मागून घेतली होती. मी तिचा आवाज न मागता घेतला. त्याचं मला फार वाईट वाटतंय. तो परत करता येत नाही."

"आणि त्या दिवसाचं?" तामांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"त्यातला अर्धा आता माझ्याकडे नाही. राहिलेल्या अर्ध्यात जे वाईट असेल, त्याचं वाटतं. पण चांगलं किती आणि वाईट किती, ते देवानं वेगळं करावं. माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत."

एवढं पुरतं का, हे मला माहीत नाही. माझ्या पुस्तकात याचं उत्तर नाही, मी नंतर शोधलं. तामा कामिरोंनी तिच्या डोक्यावर हात धरला, आणि क्षमेचे शब्द तिला ऐकू यावेत म्हणून ओरडून म्हटले. नीरफणसावरचे पक्षी उडाले.

रविवारी ती रांगेत उभी राहिली. रुताच्या दंडाला धरून, सुजलेल्या पायांनी, एकेक पाऊल. तिचं "आमेन" सगळ्यांना ऐकू गेलं. मी थाळी धरून होतो. तिच्या हनुवटीखाली थाळी नीट धरायचं मला भान राहिलं नाही, तामांनी कोपरानं ढोसलं तेव्हा धरली.

सोमवारी बोट निघाली. रुताला भट्टीवर जायचं होतं, पोरं तिकडे होती. किनाऱ्यापासून होडीनं बोटीपर्यंत नेतात, त्या होडीमागे किनाई पाण्यात चालत गेली. मी ओरडलो, "किनाई, पाय!" पण तिला ऐकू येतंय कुठलं. कमरेपर्यंत पाणी आलं, छातीपर्यंत आलं. मी लुंगी-बिंगी न बघता मागे धावलो आणि तिचा दंड पकडला.

आणि मग तिनं हाक मारली. "रुता!" चारचौघांसमोर, पोर दिल्यापासून पहिल्यांदा. "रुताऽऽ!" तिला अडवायला आता बोतिका नव्हती, आणि असती तरी अडवलं नसतं असं मला वाटतं. ती हाका मारत राहिली, आवाज चिरकेपर्यंत. बोटीच्या कठड्याशी रुता दिसली, तोंडाभोवती हात धरून तीही काहीतरी ओरडत होती. इंजिन सुरू झालं होतं. मग बोट खडकाबाहेर गेली.

किनाईनं माझी बाही ओढली. "काय म्हणाली? मास्तर, काय म्हणाली ती?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. इंजिन होतं, लाटा होत्या, आणि किनाई माझ्या कानाशी ओरडत होती. हे मला पुरतं ठाऊक होतं. मी शुद्धीत होतो, मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "तुझा अर्धा जपून ठेव म्हणाली. नाताळला बघायला येते म्हणाली!"

ती हसली. पाण्यातून बाहेर येईपर्यंत हसत होती.

पुढच्या बोटीनं तामा आले की मी सांगीन. त्याचं वाईट वाटतं का, असं ते विचारतील. काय उत्तर द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.